गिऱ्हाईक, पालक आणि ‘कशासाठी’ हा रकाना



डिसेंबर-जानेवारी आला की आपल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये बाल आनंद मेळावा भरतो. व्हरांड्यात बेंच लागतात, त्यावर आलुबोंडे, भेळ, पोहे, उकडलेले शिंगाडे, मेथीच्या जुड्या, सांभाराच्या जुड्या. मुलं ओरडून ओरडून विकतात, पालक येतात, सरपंच येतात, केंद्रप्रमुख येतात, फोटो निघतात. संध्याकाळी अहवालात आपण लिहितो, “विद्यार्थ्यांना व्यवहारज्ञान मिळाले.”

मला या वाक्याबद्दल थोडं बोलायचं आहे. मेळावा चांगला आहे, तो बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. दहाच्या नोटेतून सात रुपये कापून तीन परत देणं, भांडवल आणि विक्री वेगळी मांडणं, नफा काढणं हे सगळं तिथं मुलं खरोखर शिकतात. पण हा झाला हिशोब. व्यवहार त्याच्यापुढे सुरू होतो. समोरचा माणूस माझी वस्तू का घेतो आहे, हे कळणं म्हणजे व्यवहार. आणि आनंद मेळाव्यात नेमकं हेच लपून राहतं, कारण तिथलं गिऱ्हाईक म्हणजे आई, मावशी, शेजारची काकू आणि वर्गशिक्षक.

विचार करून बघा. घरी स्वतःच केलेले आलुबोंडे आई शाळेत येऊन विकत घेते. तिला आलुबोंडा खायचा असतो का? तिला पोराचा हुरूप टिकवायचा असतो. मुख्याध्यापक प्रत्येक बेंचवरून काहीतरी उचलतात, कारण एखादं लेकरू मागं राहिलं तर ते हिरमुसेल. मग तिसरीतलं पोर घरी जाऊन सांगतं, “माझे बोंडे सगळ्यात जास्त खपले.” खपले हे खरं आहे. कशामुळे खपले, हे त्याला माहीत नाही. मोठेपणी बचत गटाचं किंवा स्वतःचं दुकान टाकलेली कितीतरी माणसं इथंच फसतात. पहिल्या महिन्यात नातेवाईक येऊन घेऊन जातात, दुसऱ्या महिन्यात दुकानात माशा फिरतात, आणि यांना कळत नाही की माल तोच असताना गिऱ्हाईक कुठं गेलं. गिऱ्हाईक गेलंच नव्हतं, ते नात्याखातर आलं होतं.

यावर मी वर्गात एक साधी गोष्ट करते. विक्रीच्या वहीत आपण तीन रकाने आखतो: वस्तू, नग, रुपये. त्यात चौथा आखायचा, ‘कशासाठी’. विकून झालं की मुलानं गिऱ्हाइकाला आदरानं विचारायचं, “आजी, तुम्ही हे कशासाठी घेतलं जी?” एवढंच. उत्तर जसंच्या तसं लिहायचं, शुद्ध करत बसायचं नाही.

या रकान्यात जे येतं ते वाचण्यासारखं असतं. शिंगाड्याच्या बेंचवर एका आजोबांनी सांगितलं, “उद्या एकादस हाय.” एका आईनं सांगितलं, “पोट्टे दुपारी कुरकुरे मागतात, त्यापेक्षा हे बरं.” एक बाई म्हणाल्या, “आमच्या तरावातले हायेत ना, म्हून.” आणि एका काकांनी सरळ सांगितलं, “तू विकून रायला म्हून घेतलं बाप्पा, नाहीतर मला शिंगाडे आवडत नाही.” चार वाटे शिंगाडे, चार कारणं. पुस्तकातल्या उदाहरणात मात्र चारही जण ‘गिऱ्हाईक क्रमांक एक ते चार’ एवढेच असतात.

मग वर्गात खरी चर्चा सुरू होते. उद्या शिंगाडे महाग झाले तर यातलं कोण घेईल, कोण सोडेल? एकादशीवाले आजोबा थोडे जास्त देतील, पण वाटा लहान घेतील. कुरकुऱ्याला पर्याय शोधणारी आई शेंगदाण्याकडे वळेल. ‘आमच्या तळ्यातले’ म्हणणाऱ्या बाईंना बाहेरगावचे शिंगाडे स्वस्तात दिले तरी त्या नाक मुरडतील. चौथीतली मुलं हे सगळं सांगतात, फक्त कुणी विचारायला पाहिजे. परिसर अभ्यासात गरजांचा भाग येतो तो इथं जिवंत होतो, भाषेचा तास होतो, गणित तर आहेच.

आता शाळेबाहेर या. आपल्या पवनीत कोणत्याही धान्याच्या दुकानात अर्धा तास उभे राहा. भंडारा जिल्हा म्हणजे धानाचा जिल्हा, तांदूळ हे इथलं रोजचं अन्न, तरी “तांदूळ द्या” म्हणून कुणी मागत नाही. वास पाहिजे असला तर चिन्नोर मागतात. लग्नाच्या पंगतीला मोकळा, लांब दिसणारा भात पाहिजे म्हणून जुना तांदूळ मागतात. घरात बाळंतीण असली तर मऊ शिजणारा पाहिजे. कोंबड्यांसाठी कनकी नेणारा वेगळा, आणि तीच कनकी घरच्या आंबिलीला नेणारी आजी वेगळी. मुरलेला दुकानदार पहिला प्रश्न “किती देऊ?” असा करतच नाही. तो विचारतो, “घरी खायले का पाव्हण्याइले?” या एका प्रश्नात त्याचं सगळं शिक्षण आहे, आणि ते कोणत्याही डी.एड.मध्ये शिकवलेलं नाही.

शेजारच्या भिवापूरच्या मिरचीचंही तसंच. तिला मागणी तिच्या लालभडक रंगासाठी. नुसता तिखटपणा पाहिजे त्यानं दुसरी मिरची घ्यावी.

आपल्या भागातलं याहून मोठं उदाहरण एचएमटी तांदळाचं. हे प्रत्येक शाळेत सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे. दादाजी खोब्रागडे हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. (मराठवाड्यातलं नांदेड नव्हे, मुलं हमखास घोळ करतात.) शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. 1983 साली त्यांना ‘पटेल-3’ वाणाच्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. काही वर्षांत बारीक दाण्याचं, चवीला चांगलं, उत्पन्नालाही परवडणारं वाण तयार झालं. नाव मात्र त्याला नव्हतं. व्यापाऱ्यानं ते दिलं, त्या काळात गाजलेल्या एचएमटी घड्याळावरून.

या नावाजवळ मी वर्गात नेहमी थांबते. तांदळाचा आणि घड्याळाचा काय संबंध? काहीच नाही. पण ज्या काळात मनगटावर एचएमटी असणं म्हणजे माणूस नोकरीवाला, भरवशाचा असं गावात मानलं जाई, त्या काळात या दोन-तीन अक्षरांनी गिऱ्हाइकाच्या मनात काय जागं केलं असेल ते मुलांना विचारा. आणि एकाच तांदळामागं किती जणांचे किती हेतू होते तेही बघा. शेतकऱ्याला उतारा पाहिजे होता. गिरणीवाल्याला तुकडा कमी पडणारा दाणा पाहिजे. शहरातल्या बाईला ताटात शोभेल असा बारीक भात पाहिजे. दादाजींनी निवडलेला दाणा या सगळ्यांना पुरला म्हणून तो गावागावांत पोचला. 2010 मध्ये ‘फोर्ब्स’नं ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. 2018 साली ते गेले, तेही फार ओढगस्तीत. गिऱ्हाईक ओळखणारा आणि गिऱ्हाइकाकडून पैसा मिळवणारा हे दोन वेगळे लोक असू शकतात, हेसुद्धा मुलांना कळलं पाहिजे. नाहीतर आपण सगळ्या गोष्टी यशोगाथा करून सांगतो.

पवनीच्या कोष्ट्यांचा इतिहासही याच अंगानं बघता येतो. आपलं गाव एकेकाळी रेशीमकाठी, अतिशय तलम सुताच्या कापडासाठी ओळखलं जाई. 1877 मध्ये नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि पुढं गिरणीचं स्वस्त कापड बाजारात वाढत गेलं. ज्याला अंग झाकायला कापड पाहिजे होतं तो गिरणीकडे वळणारच होता. ज्याला लग्नात, सणात काठपदर मिरवायचा होता तो मागाकडे टिकून राहिला. पुढं स्वदेशीच्या चळवळीत आणखी एक गिऱ्हाईक आलं. त्याला काठाचीही हौस नव्हती आणि स्वस्ताईचीही. त्याला आपलं मत अंगावर घालायचं होतं. कापड तेच, पण अंग झाकणं, मिरवणं आणि मत मांडणं या तीन वेगळ्या गरजा.

अमेरिकेतले हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्तेन्सन हेच मिल्कशेकच्या गोष्टीतून सांगत. सकाळी तो विकत घेणारे लोक लांबच्या गाडीप्रवासात हाताला आणि पोटाला काहीतरी सोबत म्हणून घेत. दुपारी तोच मिल्कशेक बाप आपल्या लेकराला खूश करायला घेई. म्हणजे ‘तुम्हाला मिल्कशेक कसा पाहिजे?’ असं दोघांना सरसकट विचारून सरासरी काढली तर जे बनेल ते दोघांच्याही कामाचं नाही. आपल्या दुकानदाराचं “घरी खायले का पाव्हण्याइले” हे त्याच जातीचं शास्त्र आहे, फक्त त्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही.

एक शंका काही पालक घेतील, आणि ती रास्त आहे: लहान मुलांना माणसाचे हेतू ओळखायला शिकवणं म्हणजे लबाडी शिकवणं तर नव्हे? फसवणाराही आधी हेतूच ओळखतो. रोवणीच्या दिवसांत शेतकऱ्याला युरिया आजच पाहिजे हे ज्याला कळतं, तोच त्याच्या पिशवीत नको असलेली दुसरी बाटली सरकवतो. पाच रुपयांच्या चिप्सच्या पुड्यात खेळणं टाकणाऱ्यालाही बरोबर ठाऊक असतं की पोराला चिप्स नकोतच.

म्हणून तर हा रकाना उलटाही भरून घ्यायचा. मुलांना मी सांगते, या आठवड्यात तुम्ही स्वतः जे काही विकत घेतलं किंवा घ्यायला लावलं ते लिहा आणि पुढं ‘कशासाठी’ लिहा. पहिल्या दिवशी सगळे ‘आवडते म्हणून’ लिहितात. तिसऱ्या दिवशी खरं बाहेर येतं. ‘त्याच्याकडे होतं म्हणून.’ ‘टीव्हीत दाखवलं म्हणून.’ ‘बाबा रागावले होते आणि मग घेऊन दिलं.’ हे शेवटचं वाक्य एका दुसरीतल्या मुलीचं, आणि ते तिच्या वडिलांना दाखवावं की नाही याचा मी दोन दिवस विचार करत होते. शेवटी दाखवलं. ते काही बोलले नाहीत, वही मात्र बराच वेळ हातात धरून होते. ग्राहक संरक्षण कायदा 1986 साली आला, नवा 2019 साली आला, 24 डिसेंबरला आपण राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा करतो, घोषवाक्यं लिहून घेतो. वजन, मुदत, पावती बघायला शिकवतो, ते शिकवायलाच पाहिजे. पण आपण ही वस्तू मुळात का मागतो आहोत, हे विचारायची सवय कोणताही कायदा लावणार नाही. ती तिसरी-चौथीतच लागते.

इथवर पोरांचं झालं. आता आपलं, म्हणजे शिक्षकांचं.

एप्रिल-मे मध्ये आपण दाखलपात्र मुलांच्या याद्या घेऊन घरोघर फिरतो. अंगणात खाट टाकून बसवतात, पाणी देतात, चहा करतात आणि मग सांगतात, “मॅडम, यंदा कान्व्हेंटमध्ये टाकून रायलो जी.” आपण बाहेर पडतो आणि आपसात म्हणतो, लोकांना इंग्रजीचं वेड लागलंय. झालं आपलं निदान. माझं म्हणणं आहे की हे निदान आळशी आहे. ‘कान्व्हेंट’ हा त्या पालकाचा ‘तांदूळ द्या’ आहे. पुढचा प्रश्न आपण विचारतच नाही.

मी विचारायला लागले तेव्हा जी उत्तरं मिळाली त्यात इंग्रजी फार कमी होतं. एका घरात आई सकाळी लवकर रोवणीला जाते. तिला दारात येणारी व्हॅन पाहिजे. लेकरू आठला सुरक्षित गाडीत बसलं म्हणजे ती निर्धास्त. दुसऱ्या घरात जावेची मुलं टाय घालून जातात आणि सासू दोन नातवंडांत फरक करते. तिथं प्रश्न टायचा आहे, म्हणजे मानाचा आहे. तिसऱ्या घरातल्या बापानं नागपुरात कंपनीत काम केलं होतं. इंग्रजीतला फॉर्म भरता येईना म्हणून चारचौघांत हसं झालं होतं. त्याच्या बोलण्यात ते दुखणं अजून ओलं होतं. या माणसाला खरोखर इंग्रजी पाहिजे, आणि ते का पाहिजे हे आपल्यापेक्षा त्याला जास्त कळतं. आणि चौथ्या घरात जे ऐकलं ते सगळ्यात बोचणारं. “शाळेत याच्या वर्गात तीनच पोरं हायेत. मास्तर चार वर्ग एकटेच पायतात. खेळाले तरी कोनी पायजे ना.”

आता या चारही घरी जाऊन आपण एकच उत्तर देतो: मातृभाषेतून शिक्षणच उत्तम. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सुद्धा शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच सांगतं. माझाही त्यावर पूर्ण विश्वास आहे, मी स्वतः मराठी शाळेत शिकले आणि मराठी शाळेत शिकवते. पण हे उत्तर व्हॅनवाल्या आईला काय कामाचं? तिच्याशी बोलायचं असेल तर सकाळी शाळा किती वाजता उघडते, गल्लीतली चार मुलं मिळून कुणाबरोबर येऊ शकतात, यावर बोलावं लागेल. जावेच्या टायशी झगडणाऱ्या घराला पोराचं नाव गावात चार लोकांसमोर निघेल असा प्रसंग पाहिजे: स्नेहसंमेलन, वाचन स्पर्धा, पंधरा ऑगस्टचं भाषण. फॉर्मवाल्या बापाला सांगायचं की 2000 सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी विषय आहे, आणि नुसतं सांगून भागणार नाही, त्याच्या मुलाला महिन्याभरात इंग्रजीत स्वतःचं नाव, गाव, वडिलांचं नाव बिनचूक लिहिता यायला हवं. तो तेच तपासणार आहे.

चौथ्या घराला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि हे इथं स्पष्ट लिहिते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकला साठपर्यंत मुलांमागे दोन शिक्षक धरले आहेत. कागदावर ते पुरेसं दिसतं. पण दोन शिक्षकांतला एक बैठकीला, प्रशिक्षणाला, ऑनलाइन माहिती भरायला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेल्याच्या वाट्याला सगळेच वर्ग येतात. त्या पालकाची तक्रार खरी आहे. त्याला मातृभाषेवर व्याख्यान देणं म्हणजे कनकी मागायला आलेल्याला चिन्नोरचा वास द्यायला लावणं. त्यापेक्षा त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावी. वरपर्यंत जाईल की नाही ते पुढचं, पण लिहिली गेली पाहिजे.

काही जण म्हणतील, मॅडम, पालकांना गिऱ्हाईक करू नका, शाळा म्हणजे दुकान नव्हे. मान्य. दुकानात मागणारा, पैसे देणारा आणि वापरणारा बहुतेक वेळा एकच असतो. शाळेत पैसा सरकारचा, मागणी पालकाची आणि शिकणार लेकरू, ज्याला कुणी विचारलेलं नसतं. म्हणूनच पालक मागेल ते सगळं देता येत नाही. “मारा जी त्याले, हाडं आमची चामडं तुमचं,” असं सांगणारे पालक अजून भेटतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मुलांना मारायला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मारायचं नाही. पण नाही म्हणून तिथंच थांबलं तर पालक समजतो, या मॅडमला काळजी नाही. एका आईला मी बसवून विचारलं, कशासाठी मारायला सांगता? बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, मोठा हातचा गेला, हा तरी राहावा. तिला मार नको होता, तिला कुणीतरी पोरावर नजर ठेवणारं पाहिजे होतं. ते मी देऊ शकते. दर शुक्रवारी सुटी झाल्यावर पाच मिनिटं त्या मुलाच्या दप्तरासोबत बसते, वही बघते, आणि आईला फोन करते. मारण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

दुकानदाराकडून भाव घ्यायचा नाही, त्याचा दुसरा प्रश्न घ्यायचा आहे.

यंदा सर्वेक्षणाच्या आमच्या यादीत मी पेन्सिलीनं एक जादा रकाना आखला आहे. छापील नमुन्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, पालकाचा व्यवसाय, प्रवेश कुठे घेणार, एवढंच असतं. ‘प्रवेश कुठे घेणार’च्या पुढं ‘कशासाठी’. जे आपल्याच शाळेत येणार म्हणतात त्यांनाही विचारते, कारण तेही गृहीत धरण्यासारखं नाही. परवा एका आजीनं सांगितलं, नात मराठी वाचायला शिकली की मला पोथी वाचून दाखवेल, माझे डोळे गेले आता. आणि एका बापानं सांगितलं, “पैसे नाही जी, नाहीतर तिकडंच टाकलं असतं.” दोघांचीही मुलं जूनमध्ये माझ्याच वर्गात एका रांगेत बसतील. यादीत दोघांपुढंही ‘आपली शाळा’ असंच लिहिलेलं आहे.

तुमच्याही याद्या आता निघाल्या असतील. रकाना आखून बघा, आणि काय काय उत्तरं येतात ते मला नक्की कळवा. विशेषतः तीन पोरांच्या वर्गाला कुणाजवळ काही उत्तर असेल तर ते आधी.